भावजयीनं मला उभं केलं ते

१९७१ साल. मी तेहतीस वर्षांचा होतो, आणि तोवर मला ‘ऊठ’ म्हणून कुणी उठवलेलं नव्हतं. एकानं प्रयत्न केला होता. तिसरीत असताना पाढा चुकला म्हणून गुरुजी म्हणाले, उभा राहा. पाढा चुकलाच नव्हता, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. मी बसून राहिलो. गुरुजी म्हणाले, उभा राहा, नाहीतर घरी जा. मी घरी गेलो. घरी जायला उभं राहावं लागलं हे खरं, पण ते माझ्या मर्जीनं. त्यानंतर शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही तिच्याकडं फिरकलो नाही. लिहिता-वाचता येत होतं तेवढं पुरलं. हे लिहितोय ते त्याच तिसरीवर.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, काष्टीच्या जवळ. वडील लवकर गेले, त्यामुळं मिसरूड फुटायच्या आत मी घरातला कर्ता झालो. घरात आई, मी, माझी कारभारीण, आमच्या दोन लहान पोरी, आणि धाकट्या भावाची बायको. धाकटा शिकला. श्रीरामपूरकडं साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून म्हणून लागला आणि तिकडचीच मुलगी त्यानं केली. शाळामास्तरची लेक, बी.ए. झालेली, तीही इंग्रजी घेऊन. त्याला तिकडं खोली मिळेस्तोवर ती आमच्याकडं राहत होती.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं यायचं ते डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. बसायचं नाही. बोलायचं तर नाहीच. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, सासू भासऱ्याला सांगणार. म्हणजे मी जेवत असलो की चुलीजवळून आवाज यायचा, “आत्याबाई, त्यांना विचारा, भाकरी वाढू का?”

आई माझ्या शेजारीच बसलेली. ती म्हणायची, “भाकरी वाढू का इचारतीय.”

मी म्हणायचो, “अर्धी.”

आई तिकडं तोंड करून सांगायची, “अर्धी.”

एवढ्याशा घरात अर्ध्या भाकरीला तीन माणसं लागायची. पण यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर बरंच वाटायचं, मान होता तो. आई घरात नसली तर खांबाशी बोलायचं. एकदा आई शेजारी गेलेली असताना ती खांबाला म्हणाली, “बैल सुटलाय म्हणावं.” मीही खांबाकडं बघून म्हणालो, “बघतो म्हणावं.” हे सगळं रीतसर होईपर्यंत बैल शेजाऱ्याच्या मक्यात जाऊन जेवून आला होता.

तर अशी ही भावजय. लग्नाला वर्ष झालं आणि आईच्या तोंडून कळलं की तिला पुढं शिकायचंय. नगरला बी.एड. करायचं म्हणे, विद्यापीठाचा एका वर्षाचा अभ्यास, इंग्रजीची मास्तरीण व्हायचा. धाकटा सुट्टीवर आलेला होता. मी त्याला म्हणालो, “इंग्रजी तर शिकलीय की ती. आता आनि काय राहिलं?”

“दादा, इंग्रजी येणं निराळं अन् शिकवता येणं निराळं. ते शिकवायला शिकवतात तिथं.”

“म्हंजी भाकरी थापाय येती, पन भाकरी थापाय शिकवायची कशी त्याचं एक वरीस?”

“तसंच धर.”

चुलीपाशी बसून माझी कारभारीण सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “ह्यांना एक दीस माझ्याकडं भाकरी शिकाय बसवा. मंग वरीस कशाला लागतं ते कळंल.”

मी विचार केला आणि निकाल दिला. जाऊ द्या तिला. पण एकदाच. पास झाली तर मास्तरीण. नापास झाली तर पुन्हा या घरात त्या परीक्षेचं नाव काढायचं नाही. खांबामागून उत्तर आलं, “आत्याबाई, त्यांना सांगा, कबूल आहे.” आवाज इतका बारीक की आईनं सांगितलं तेव्हाच मला कळलं.

माझं एक चुकलं असेल तर ते एवढंच, की पुढच्या बाजारी काष्टीला चहा पिताना मी हे चार लोकांत सांगितलं. घरात दिलेला शब्द थोडा इकडंतिकडं करता येतो. बाजारात दिलेला येत नाही.

जूनमध्ये ती नगरला गेली, कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात. एक शनिवार सोडून पॅसेंजरनं काष्टीला उतरायची, मी बैलगाडी घेऊन स्टेशनवर. गाडीत ती मागं, मी पुढं, बैल मध्ये नसूनही आम्ही जे काही बोलायचं ते बैलालाच बोलायचो.

दिवाळीनंतर एका शनिवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. चेहरा मला दिसला नाही, पदर दिसला, पण पदरही पडलेला होता. जेवली नाही. धाकटाही त्या दिवशी आलेला. त्याला मी अंगणात घेतलं.

“काय झालं रं?”

“लेखीचं काही नाही दादा, त्यात ती पुढं आहे. पाठ अडकलेत.”

पाठ म्हणजे काय ते त्यानं मला समजावलं. खऱ्या शाळेत खऱ्या पोरांचा वर्ग द्यायचा आणि या शिकाऊ मास्तरांनी तो शिकवायचा. कॉलेजातले सर मागच्या बाकावर बसून चुका लिहिणार. इंग्रजीचा पाठ तर फारच अवघड, कारण त्यात मराठीचा एक शब्द चालत नाही. जे म्हणायचं ते करून दाखवायचं. ‘स्टँड अप’ म्हणायचं, हात वर करायचा, पोरं उठतात. दाराकडं चालत जायचं आणि चालता चालता इंग्रजीत म्हणायचं, मी दाराकडं चाललेय. पोरं बघतात, ऐकतात, तसंच म्हणतात. मला ही रीत पटली. बैलाला आपण असंच शिकवतो. बैलाला कुठं मराठी येतं?

“मग अडलं कुठं?”

“आवाज पहिल्या बाकाच्या पुढं जात नाही तिचा. बघती खाली. सर परवा म्हणाले, बाई, तुम्ही वर्गाला शिकवताय का फरशीला? फेब्रुवारीत शेवटचा पाठ आहे, बाहेरचे दोन परीक्षक येणार. त्यात गेली तर लेखीचे मार्क कितीही असू देत.”

मी म्हणालो, “मंग मोठ्यानं बोलायची सवय करायची घरी.”

मग कारभारीण भांडी घासता घासता म्हणाली, “घरी कुनाफुडं बोलंल मोठ्यानं? दीड वरीस झालं, तुमी दिसला की मान खाली. आता तिला पोरं दिसली तरी तुमीच दिसता.”

रीत काही मी काढलेली नव्हती. तसं मी म्हणालोही. पण ती घासायची थांबली नाही.

“मी म्हनते, ज्याच्याफुडं आवाज फुटत न्हाई त्याच्याफुडंच फुटाय पायजे. ह्यांनाच बसवा वर्गात. ह्यांना इंग्रजी शिकवली की ती कुनालाबी शिकवंल.”

“भासऱ्याशी बोलायचं न्हाई,” मी म्हणालो. “इचार आईला.”

आई मिश्री लावत होती. तिनं चूळ भरली, अंगणात टाकली आणि सावकाश सांगितलं, “बोलायचं न्हाई हे खरं. पर ते मराठीचं. माज्या सासूनं मला रीत सांगितली त्यात इंग्रजीचं काय नव्हतं.”

झालं, कोर्टाचा निकालच लागला. मी शेवटचा डाव टाकला. “मला जमायचं न्हाई.”

“म्हाईत हुतं मला,” कारभारीण म्हणाली. “तिसरी नापास मानूस.”

“नापास न्हाई! सोडली मी तिसरी!”

“मंग बसा की.”

अशा तऱ्हेनं मी पुन्हा शाळेत गेलो.

पहिला तास रविवारी सकाळी सोप्यात. मी घोंगडीवर. आई माझ्या शेजारी, कारण सासू मध्ये पाहिजेच. कारभारीण दाराआड, धाकटा हसायचं नाही या अटीवर उंबऱ्यावर. भावजय खांबाला धरून उभी, पदर कपाळावर. मग खाली बघून ती काहीतरी पुटपुटली.

मी म्हणालो, “आई, तिला सांग, ऐकू आलं न्हाई.”

“अगं, ऐकू आलं न्हाई त्याला.”

ती पुन्हा बोलली.

“आई, आजून न्हाई आलं.”

तिसऱ्या खेपेला आलं. “स्टँड अप.” बरोबर हाताची खूणही, तळहात वर. समजायला काहीच अवघड नव्हतं. पण माझं अंग हलेना. चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण तिसरीतली ती सगळी सकाळ माझ्या मांडीवर येऊन बसली. मी तसाच बसून. ती तशीच उभी. धाकटा भिंतीकडं तोंड करून बसलेला, त्याचे खांदे हलत होते.

आणि शेजारून आई उठली. गुडघ्यावर हात देत, ‘आई गं’ म्हणत ती साठीची बाई सरळ उभी राहिली. म्हणाली, “पोरगी केवढ्यानं सांगतीय. त्यो उठत न्हाई तर मी उठते.”

“सिट डाऊन,” भावजय म्हणाली, जरा मोठ्यानं.

आई बसली. “स्टँड अप.” आई उठली. दाराकडं जा म्हणाली, आई गेली. दार उघड म्हणाली, आईनं उघडलं. कारभारीण दाराला टेकून उभी होती ती सोप्यात आली. सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं आई. माझ्या आईला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं, आणि ती माझ्या वर्गात पहिली आली होती. हे काही मला सोसण्यासारखं नव्हतं. पुढच्या ‘स्टँड अप’ला मी उठलो. आईच्या आधी उठलो.

मग हे सुरू झालं. ती येईल त्या रविवारी तास. ती म्हणायची, मी करायचो, करता करता बोलायचो. ‘आय ॲम गोइंग टू द डोअर. आय ॲम ओपनिंग द डोअर.’ पुस्तकात एक वाक्य होतं, ‘आय ॲम अ बॉय.’ ते म्हणायला मी नकार दिला. दोन लेकरांचा बाप मी, पोरगा कसा? आईमार्फत बरीच बोलाचाली झाली. मग तिनं माझ्यासाठी बदलून दिलं, ‘आय ॲम अ फार्मर.’ फार्मर म्हणजे शेतकरी. तेवढ्यानं माझं समाधान होईना.

“आई, तिला इचार, मोठा शेतकरी कसं म्हनायचं?”

धाकटा म्हणाला, “दादा, सात एकर आहे आपलं.”

“तुला इचारलं का?”

तर ‘आय ॲम अ बिग फार्मर.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोटेवरही म्हणायचो. आणि तिचा आवाज खरोखर वर यायला लागला होता. खांब सोडून ती दोन पावलं पुढं आली होती. मराठीत अजूनही ‘आत्याबाई, विचारा त्यांना’ तेच, तितकंच बारीक. पण इंग्रजी सुरू झालं की निराळीच बाई.

डिसेंबरात लढाई लागली. गावात जिथं रेडिओ तिथं माणसं. अशात मी काष्टीच्या बाजारी गेलो, तर आमच्याच गल्लीतला बैलांचा दलाल चार माणसं जमवून उभा. मला बघून म्हणाला, “काय कारभारी, लढाई तिकडं आन् कवायत तुमच्या घरात म्हनं?”

“कसली कवायत?”

“भावजय ऊठ म्हनती तवा तुमी उठता, बस म्हनती तवा बसता. गल्ली ऐकतीय की. आमी म्हनलं, कारभाऱ्याला भरती केलं का काय पलटनीत!”

लोक हसले. माझ्या हातात कासरा होता म्हणून, नाहीतर त्याच्या मुंडाशाला हात घातला असता. घरी आलो आणि जाहीर केलं, तास बंद. कुणी का म्हणून विचारलं नाही, गल्लीनं त्यांनाही सांगितलेलं असणार. त्या शनिवारी ती आली. आईनं तिला सांगितलं. थोड्या वेळानं चुलीकडून आलं, “आत्याबाई, त्यांना सांगा, राहू द्या. नाही झालं तर नाही झालं.”

तो आवाज जुनाच होता. चुलीपर्यंत जाणारा. इतक्या रविवारांत मी जे मिळवलं होतं ते गेलं होतं. हो, मी मिळवलं होतं. मी उठलो-बसलो होतो. आणि ते कुणामुळं गेलं? तर एका दलालामुळं, जो म्हाताऱ्या बैलाचे दात घासून त्याला चार दाती, तरणा म्हणून विकतो.

सकाळी उठून मी घोंगडी उचलली आणि बाहेर ओट्यावर टाकली, भर गल्लीत. आईला ओरडून सांगितलं, “तिला म्हनावं, आजपासनं वर्ग हितं भरंल.”

कारभारीण बाहेर आली. “आवं, लोक काय म्हनतील?”

“लोकांना काय म्हनायचं ते म्हनून झालंय. लपून केलं तर लोक कान लावतात. उघड्यावर करू, बघू द्या.”

भावजय दारात आली. गल्ली जमली. पोरं, बायका, पाणी भरून चाललेली माणसं. दलालही आला, हात मागं बांधून. ती उंबऱ्यात उभी, आणि बोलेना. मी घोंगडीवर ताठ बसलेलो. मनात म्हणालो, बोल बाई, आता माझी लाज तुझ्या हातात आहे.

“स्टँड अप!”

मी उठलो. आई उठली. “सिट डाऊन!” आम्ही बसलो. आणि मग तिनं गल्लीकडं तळहात करून पुन्हा म्हटलं, “सिट डाऊन!” पोरं आधी बसली. बायका हसत बसल्या. उभा राहिला एकटा दलाल. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि बसला. धोतर झाडत पुन्हा उठला तेव्हा आई त्याला म्हणाली, “तुला कुनी ऊठ म्हनलं?”

तिथून पुढं मला बाजारात कुणी कवायतीचं विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण ते ‘आम्हीपण येऊ का’ असं.

फेब्रुवारीत शेवटचा पाठ. कारखान्याचा हंगाम जोरात, धाकट्याला सुट्टी मिळेना. ठरलं असं की पाठ झाला की मी नगरहून तिला घेऊन यायचं. वसतिगृहापाशी दुपारी थांबायचं, एवढंच माझं काम. पण मी पहाटेच्या गाडीनं गेलो, नवा फेटा बांधून, आणि विचारत विचारत थेट त्या शाळेतच पोचलो. मला कुणी तिथं ये म्हणालं नव्हतं. माझ्या मनात आलं, आपलं माणूस समोर दिसलं की धीर येतो.

व्हरांड्यातून वर्ग शोधला. खिडकी गजांची, कमरेएवढ्या उंचीला. बाजूला उभं राहून आत पाहिलं. ती फळ्यापुढं होती. पदर कमरेला खोचलेला, डोकं मोकळं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. पोरांकडं बघून बोलत होती, आवाज मागच्या भिंतीला लागत होता. मागच्या बाकावर दोन परीक्षक, एक टक्कल, एक चष्मा, आणि त्यांच्या शेजारी कॉलेजचे सर. टेबलावर तिनं आणलेल्या वस्तू, पुठ्ठ्याचं दार, मातीची गाय. पाठात अशा वस्तू आणतात, साधनं म्हणतात त्यांना.

माझी छाती फुगली. म्हटलं, आता दिसावं तिला. मी खिडकीच्या मधोमध येऊन उभा राहिलो.

तिनं मला पाहिलं.

तिचा हात कमरेला गेला. पदर सुटला, डोक्यावर आला, कपाळापर्यंत. मान खाली. आणि आवाज बंद. वाक्य तोंडात निम्मं होतं ते तिथंच राहिलं. भासरा पुढं आल्यावर घरातली सून जे करते ते तिनं केलं, दुसरं काही नाही. टक्कलवाल्या परीक्षकानं पेन उचललं.

मला कळलं, आपण काय करून बसलो ते. हाक मारावी तर मराठीत मारता येत नाही, आणि मध्ये आई नाही. पळावं तर ती म्हणेल रागावून गेले. मला एकच सुचलं. मी जागेवर खाली बसलो. खिडकीखाली, उकिडवा, फेटा भिंतीला टेकवून. कुणी न सांगता बसलो. तिथून मला लिंबाचं झाड आणि पाण्याचा हौद दिसत होता. आतून काही ऐकू येईना. मग पोरांची कुजबुज सुरू झाली. मग परीक्षकाचं काहीतरी इंग्रजीत, तुटक. मी मनात म्हणालो, गेलं. बाजारात दिलेला शब्द आता मला पाळावा लागणार, आणि तो मोडायला मी जगातली वाटेल ती गोष्ट दिली असती.

“स्टँड अप!”

बाकं वाजली, पोरं उठली वाटतं.

“नो, नो, चिल्ड्रन. सिट डाऊन.” बाकं पुन्हा वाजली. “यू! फार्मर! स्टँड अप!”

हे मला होतं.

मी उठलो. खिडकीत आधी माझा फेटा वर आला असणार, मग मी, कारण पोरं खदखदून हसली. ती फळ्यापुढं उभी होती. पदर डोक्यावरच होता, पण हनुवटी वर आणि डोळे सरळ माझ्याकडं. माझ्याकडं बोट करून ती वर्गाला म्हणाली, “हू इज ही? ही इज अ फार्मर.”

“ही इज अ फार्मर!” सगळा वर्ग.

मला राहवलं नाही. “बिग,” मी म्हणालो.

“ही इज अ बिग फार्मर,” ती म्हणाली, आणि वर्गानं ते असं ओरडून म्हटलं की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं.

मग तिनं मला सोडलं नाही. सिट डाऊन. मी खिडकीखाली गेलो, आतून आवाज आला, ‘ही इज सिटिंग!’ स्टँड अप. ‘ही इज स्टँडिंग!’ एकदा, दोनदा, मोजायचं सोडून दिलं. दोन्ही परीक्षक उठून खिडकीपाशी आले होते, मी वर आलो की त्यांचे चेहरे हातभर अंतरावर. तिसरीत एका गुरुजीसाठी उठलो नाही, ते सगळं व्याजासकट फिटलं. शेवटी ती म्हणाली, “गो टू द गेट.” मी निघालो. पाठीमागून पोरं गर्जत होती, मी गेटकडं चाललोय म्हणून. ताठ चाललो. गेटापाशी जाऊन उभा राहिलो.

आणि तिनं मला परत बोलावलंच नाही. विसरली. पाठ पुढं सुरू झाला, तिचा आवाज गेटापर्यंत येत होता. शिपाई जवळ आला. “काय बाबा, कुणाची वाट बघताय?”

“हुकमाची,” मी म्हणालो.

घंटा झाली तेव्हा सर बाहेर आले, डोळे पुसत. हसून पाणी आलं होतं. “तुम्ही कोण?”

“तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ.”

“हे ठरवून केलंत का?”

“ठरवून कसं करनार? आमी बोलत न्हाई.”

ते त्यांना कळलं नाही, मीही फोड केली नाही. ते म्हणाले, “परीक्षक म्हणतात, पुठ्ठ्याचे, मातीचे शेतकरी खूप पाहिले, पाठाला जिवंत शेतकरी कुणी आणला नव्हता. आणि बाई अडल्या तिथून सावरल्या, ते त्यांना जास्त आवडलं. पाठ उत्तम झालाय. आता काळजी करू नका.”

परतीच्या पॅसेंजरमध्ये ती खिडकीपाशी, मी समोर. मध्ये कुणी नाही, खांबसुद्धा नाही. बोलायचं खूप होतं. कोळशाची भुकटी आत येत होती, आम्ही दोघं डोळे चोळत बसलेलो. विसापूर मागं पडलं. मला येत असलेल्या वाक्यांत त्या वेळेला बसणारं एकच सापडलं.

“आय ॲम अ बिग फार्मर,” मी म्हणालो.

तिनं बाहेर बघत उत्तर दिलं, “यस. व्हेरी बिग.” आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. शेजारचा माणूस सरकून बसला. काष्टीपर्यंत दुसरं काही बोलणं झालं नाही.

घरी आई दारातच. “काय झालं?”

“उभं केलं मला, सगळ्या शाळंफुडं.”

“ते आसू दे. तिचं काय झालं?”

“पास.”

लेखी एप्रिलमध्ये झाली आणि निकाल जूनमध्ये लागला, पण त्यात धास्ती नव्हती. धास्ती होती ती त्या दिवशीच संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोप्यात घोंगडीवर बसलो होतो, शेजारी आई. भावजय चहा घेऊन आली. पदर कपाळावर, मान खाली. कप माझ्यापुढं ठेवला आणि रोजच्यासारखी मागं सरून खांबापाशी उभी राहिली. मी घोंगडीच्या रिकाम्या कडेवर हात मारला आणि म्हणालो, “सिट डाऊन.”

ती आईकडं बघायला लागली.

“माज्याकडं काय बघतीस?” आई म्हणाली. “मी बसलेलीच हाय.”

ती बसली. अगदी कडेला, पण बसली. तेवढ्यात चुलीकडून कारभारणीचा आवाज आला, “आन् मला कवा म्हननार ते?”

“सिट डाऊन!” मी ओरडलो.

“मी बसले तर चहा कोन आननार?”

मी उठलो, आणि चुलीवरचं भांडं आणायला गेलो.